न वाजलेला भोंगा

डोंगराच्या उतारावर तीन खोल्यांचं एक कार्यालय होतं आणि त्याच्या पायाशी चारशे घरांची वस्ती. डोंगर सरकतोय की नाही, एवढंच त्या कार्यालयात बसून बघायचं. बघणाऱ्याचा हुद्दा कंपन-निरीक्षक. वय बावन्न. लग्न करायचं राहून गेलेलं, आणि ते राहून गेलंय हे लक्षात यायलाही उशीर झालेला. वस्तीत मात्र त्याला हुद्द्यानं कुणी ओळखत नसे. तिथे तो भोंगेवाला.

हे नाव पडून तीन वर्षं झाली होती. डोंगराच्या अंगात बारा ठिकाणी खोल भोकं पाडून कंपनमापक बसवलेले होते आणि ते जमिनीची हालचाल अखंड संगणकाकडे पाठवत. जमीन कधीच गप्प नसते. वारा झाडं हलवतो, झाडं माती हलवतात, ट्रक जातो, कुत्रं धावतं, लांबच्या खाणीत सुरुंग उडतो. या सगळ्या कालव्यातून डोंगराची स्वतःची कुरकुर तेवढी निवडायची. संगणक शेवटच्या दोन सेकंदांची थरथर शेवटच्या दोन मिनिटांच्या सरासरीशी ताडून बघे आणि ती तिपटीच्या वर गेली की खूण करी. बारापैकी सहा ठिकाणी एकदम खूण झाली, तर भोंगा वाजवायचा की नाही हे निरीक्षकानं दहा मिनिटांच्या आत ठरवायचं, असा नियम होता.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका दुपारी सात ठिकाणी खूण झाली. त्यानं चौथ्या मिनिटाला भोंगा वाजवला. लोक पोरंबाळं काखेत मारून, चुली तशाच पेटत्या ठेवून मैदानाकडे पळाले. डोंगर जागचा हलला नाही. पलीकडच्या अंगाला एका ठेकेदारानं खडक फोडायचं भलंमोठं यंत्र लावलं होतं आणि ते कार्यालयाला कळवायची तसदी घेतली नव्हती. त्या पळापळीत मैदानाच्या पायऱ्यांवर एक माणूस छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. ते निरीक्षकाचे भावोजी होते, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

चौकशी झाली. निरीक्षक नियमाला धरून वागला, असा कागद आला. तो त्यानं फायलीत लावून टाकला. आई लवकर गेली तेव्हापासून ताईनंच त्याला हाताला धरून वाढवलं होतं. ती त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाही. भांडण झालं असतं तर कुणी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. इथे भांडणच नव्हतं, नुसतं दार लागलेलं होतं.

सुरुवातीला तो वस्तीत जात असे. पण तो गल्लीत शिरला की बायकांच्या नजरा आधी त्याच्याकडे आणि मग वर डोंगराकडे जात. एकदा एका आजीनं तो नुसता भाजी घ्यायला आलेला बघून नातवंडांना चपला घालायला लावल्या. पोरं मागून 'लांडगा आला रे आला' करत. त्याचं त्याला वाईट वाटत नसे, पोरंच ती. पण न्हावी त्याचे केस कापताना एक अक्षर बोलेना, आणि गप्प न्हावी हे प्रकरण त्याला सोसेना. मग तो वरच्या बाजारात जाऊ लागला. कार्यालयामागच्या एका खोलीत राहायचं, एका माणसापुरता भात लावायचा, तो निम्मा उरायचा, सकाळी तोच परतायचा. दिवसभरात बोलणं झालंच तर शिपाईमामांशी, तेही किल्ल्या आणि पावत्या यांच्यापुरतं.

शहरात बसणाऱ्या मोठ्या साहेबांनी त्या प्रकारानंतर संगणकाची मर्यादा तिपटीवरून पाचपटीवर नेली. आता यंत्र ऊठसूट ओरडणार नाही, असं त्यांनी अभिमानानं कळवलं. निरीक्षकानं उत्तर लिहिलं की खोटा भोंगा कमी करायला जावं तर खरा भोंगा न वाजण्याची शक्यता वाढते. तराजू तोच आहे, एक पारडं उचललं की दुसरं खाली बसणारच. त्या पत्राला पोच आली, उत्तर आलं नाही. तेव्हापासून यंत्र जे सोडून देई ते तो स्वतःच्या डोळ्यांनी बघू लागला. रोज सकाळी चहा घेऊन तो बारा रेघांसमोर बसे आणि आदल्या दिवसाचे चोवीस तास इंच इंच पुढे सरकवत बघे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं.

अशाच एका सकाळी त्याला ते ठोके दिसले. ठोके म्हणणंही जास्तच झालं. रेघेला नेहमीची थरथर असते, तिच्यात जरा दाटपणा, इतकंच. एकटा घेतला तर वारा म्हणून सोडून द्यावा असा. पण दिवसाला चाळीसेक सापडले, मागे जाऊन पाहिलं तर दोन महिन्यांपासूनचे सापडले. त्यानं त्यांतले शंभर तुकडे कापून काढले, सुरुवात जुळवून एकावर एक ठेवले आणि त्यांची सरासरी काढली. ही युक्ती जुनी आणि साधी. गोंगाट एकदा वर जातो, एकदा खाली, शंभरांच्या गर्दीत तो आपसातच फिटतो. खरं जे असतं ते दर वेळी त्याच बाजूला असतं, म्हणून तेवढंच उरतं. उरलं ते पाहून त्याचा चहा हातातच राहिला. पुसट, पण स्पष्ट आकार होता. एक झटका, मग दोन लहान, मग शांत. म्हणजे पायथ्याकडे कुठे तरी एकच जागा, एकाच रीतीनं, पुन्हा पुन्हा हलत होती.

आता प्रश्न हा, की ती हलवतंय कोण, डोंगर की माणूस. त्याच्याकडे जुन्या नोंदींचं गाठोडं होतं. खडक खात्रीनं सरकला होता अशा चाळीस नोंदी, आणि माणसांच्या उद्योगाच्या दीडशे. दोन्हींचे ठिपके कागदावर काढले की दोन वेगळे थवे दिसत. नवे ठोके त्यानं त्याच कागदावर टाकले, तर ते बरोबर दोन्हींच्या मधे जाऊन बसले. ना घरचे ना घाटचे. वेळेवरून ओळखावं, तर ते सकाळी आणि संध्याकाळी जास्त येत. पण उन्हानं तापताना आणि निवताना खडकही त्याच वेळांना कुरकुरतो. सुट्टीच्या दिवशी थांबतात का पाहिलं, थांबत नव्हते. खाणवाल्यांना, ठेकेदारांना, रस्त्याच्या आणि पाण्याच्या खात्याला फोन करून झाले. कुणाचंही यंत्राचं काम चालू नव्हतं.

त्यानं मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खात्री किती, असं विचारलं. शंभरात तीस, तो म्हणाला. म्हणजे सत्तर नाही, साहेब म्हणाले. निर्णय जागेवरच्या माणसाचा असतो, पण जो काही घ्याल तो लेखी घ्या. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि दोन्हींपैकी काहीही चुकलं तरी त्यांच्या अंगाला काही लागणार नाही.

पण साहेबांपेक्षा त्याला स्वतःचीच भीती जास्त होती. आकडे बघताना 'काही नाही' या बाजूला मन आपोआप कलतंय, हे त्याला कळत होतं. पुन्हा भोंगा वाजवायचा नाही म्हणून 'नाही' दिसतंय का? आणि ते ओळखून तो मुद्दाम दुसरीकडे झुकू लागला, की प्रत्येक ठोका त्याला डोंगराचा वाटू लागे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक. पण समोर दूध आहे की ताक, हेच ठरवायचं होतं. यावर कुणाशी तरी बोलावं असं फार वाटलं. बोलायला कुणी नव्हतं.

शेवटी त्यानं एक कागद घेतला आणि पुढचे आकडे पाहण्याआधीच नियम लिहून ठेवला. येत्या दहा दिवसांत ठोक्यांची जागा पायथ्याकडून वर उताराकडे सरकत गेली, तर भोंगा. जागा आहे तिथेच राहिली, तर कितीही ठोके आले तरी भोंगा नाही. खाली सही केली, पाकीट बंद केलं आणि शिपाईमामांना कपाटात ठेवायला दिलं.

"यात काय आहे साहेब?"

"मी काय करायचं ते आहे. मधेच मी उघडायला मागितलं तर देऊ नका."

मामांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि पाकीट कुलपात टाकलं.

अडचण एकच होती. बाराही कंपनमापक चढावर होते. पायथ्याशी होणारा आवाज पृष्ठभागावरचा की खोल पोटातला, हे सगळे कान एकाच बाजूला असताना कळत नाही. तेरावा कान खाली, वस्तीत, उघड्या खडकावर ठेवायला हवा होता. वस्तीत उघडा खडक एकाच ठिकाणी होता. ताईच्या परसात. त्यावर ती कपडे धुवायची.

तो दुपारी गेला, गल्ली जेवून आडवी झालेली असते त्या वेळी. तरी दोन खिडक्यांतून डोंगराकडे पाहिलं गेलंच. ताईनं दार उघडलं. केस पार पांढरे झाले होते. ती बाजूलाही झाली नाही आणि आत ये असंही म्हणाली नाही. त्यानं उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सांगितलं, की डब्याएवढं यंत्र आहे, परसातल्या खडकावर आठदहा दिवस ठेवायचंय, आवाज नाही, वास नाही, वीज लागत नाही.

"काही व्हायचंय का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. तेच बघायचंय."

तिनं त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग "मागून जा, बोळातून," म्हणाली आणि दार लोटून घेतलं. तो मागून गेला, खडक पुसला, यंत्र चिकटवलं, वर बादली उपडी घातली. आतून भांड्याचा आवाज येत होता. तो काम संपल्यावरही दोन मिनिटं उगाच वायरी नीट करत बसला. कुणी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेराव्या कानाची रेघ आली, ती गोंगाटानं भरलेली. कपडे आपटणं, बादली, शेजारच्यांचं दार. ठोके शोधायचे तर आधी हे सगळं वेगळं काढायला हवं होतं, म्हणून तो एकेक आवाज ओळखत बसला. आणि त्यात त्याला पावलं सापडली. एक पाऊल जड, दुसरं जरा ओढलेलं. ताईचा डावा गुडघा लहानपणी त्याला कडेवर घेऊन पडली तेव्हापासून धरलेला. पहाटे पाच वाजता ती पावलं परसात येत. दारापासून खडकापर्यंत, खडकापासून दारापर्यंत. चाळीस मिनिटं. नळ नाही, झाडू नाही, नुसत्या फेऱ्या. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. त्यानं कामासाठी तेवढा भाग वजा केला. वजा करण्याआधी मात्र तो दर वेळी पुरता बघे.

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला आकडा उसळला. आदल्या दिवशी याच वेळेपर्यंत वीस ठोके होते, आज सत्त्याण्णव. अकरा वाजता एकशे चाळीस. संगणकाची पाचपट मर्यादा एकदाही ओलांडली गेली नव्हती, त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं. भोंग्याची चावी भिंतीवरच्या पेटीत होती. निरीक्षकानं ती काढली, खाचेत घातली आणि हात तसाच ठेवून बसला.

खाली वस्ती दिसत होती. कुणी गच्चीवर गाद्या उन्हात टाकत होतं. आता भोंगा दिला तर हे सगळे पळणार, आणि त्या पायऱ्यांवर पुन्हा कुणी तरी बसणार. आणि नाही दिला आणि डोंगर आला, तर पायऱ्यांपर्यंत पोचायलाही कुणी उरणार नाही. त्यानं मामांना हाक मारली आणि पाकीट मागितलं. मामा दारात येऊन उभे राहिले.

"तुम्हीच सांगितलंत, देऊ नका म्हणून."

"सांगितलं होतं."

"मग नाही देत." आणि मामा जायचे ते गेले नाहीत, दाराशी स्टूल ओढून बसले.

कागदावर काय लिहिलंय हे त्याला पाठ होतं. त्यानं चावी खाचेत राहू दिली, हात काढला आणि एकेका ठोक्याची जागा मोजायला घेतली. कुठल्या कानाला आधी पोचला, कुठल्याला किती उशिरा. पहिला, दहावा, पन्नासावा. जागा वर सरकत नव्हती. ज्या पट्ट्यात पहिल्या दिवशी होती त्याच पट्ट्यात होती, आणि दर वेळी सगळ्यांत आधी ऐकणारा कान तेरावा होता. म्हणजे आवाज पोटातला नव्हता. एक वाजेपर्यंत त्यानं एकशे नव्वद ठोके मोजले. शर्ट पाठीला चिकटला होता. मग त्यानं चावी काढून पेटीत ठेवली, आणि तरीही संध्याकाळपर्यंत खुर्ची सोडली नाही. मामांनी दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा नेऊन ओतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला, ठोके नेहमी वाढत त्या वेळी, घड्याळ हातात घेऊन तो ताईच्या बोळात उभा राहिला. पाणी सोडणारा चावीवाला आपली लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून आला, जमिनीतला झाकणाखालचा व्हॉल्व्ह फिरवू लागला. व्हॉल्व्ह अडकला. त्यानं जोर लावला, आणि तो एकदम बंद झाला. पायाखाली धप्प झालं, मग दोन लहान धक्के. निरीक्षकानं वेळ लिहून घेतली.

चावीवाला म्हणाला, "लाथ मारतो पाइप. दोन महिने झाले, नवा पंप बसवल्यापासून. जोर वाढला ना पाण्याचा, आणि व्हॉल्व्ह आमच्या आजोबांच्या वेळचे." काल तर एका गल्लीचा पाइप फुटला होता म्हणून बाकीच्या सगळ्या चाव्या त्याला दिवसभर उघडबंद कराव्या लागल्या. हात भरून आले होते. खात्यात तुम्ही विचारायचं तरी, असं तो म्हणाला. निरीक्षकानं विचारलं होतं. यंत्राचं काम चालू आहे का, असं विचारलं होतं. नाही, हे उत्तर अगदी खरं होतं.

मग तो परसात गेला. ताई खडकाशेजारी पाटावर बसली होती. तिनं बोळातलं बोलणं ऐकलं असावं.

"काही नाहीये," तो म्हणाला. "पाण्याचा पाइप आहे."

"काल तू वाजवणार होतास?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "चावी लावली होती."

त्यानं बादली उचलली, यंत्र सोडवायला खाली बसला. आता दोघं समोरासमोर होते, मधे खडक.

"त्या दिवशी वेळ होता का रे?" ताईनं विचारलं. "थांबायला?"

तीन वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता, आणि आला तेव्हा त्याला उत्तर बदलता आलं नाही. "दहा मिनिटं होती. मी चौथ्या मिनिटाला वाजवला. आणखी सहा मिनिटं थांबलो असतो तर कदाचित कळलं असतं. कदाचित नसतं."

ताईनं मान हलवली. मग पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडेच होते.

"ते उठत नव्हते," ती म्हणाली. "जेवून पडले होते. म्हणाले, तुझ्या भावाचं यंत्र शिंकलं असेल, पडू दे मला. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, माझा भाऊ उगाच वाजवायचा नाही. हाताला धरून उठवलं मी त्यांना, धाकट्या. पायऱ्यांवर पण मीच ओढत होते."

तिनं दार लावलं ते त्याच्यावर, असंच तो इतके दिवस धरून चालला होता.

"मी तुला कसं तोंड दाखवू?" ती म्हणाली. "तू आलास की मला तेच आठवायचं."

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलेली..."

"होते ना. तुझ्यावर पण होते."

शेजारी कुणी तरी नळाखाली हंडा लावला, तो भरून वाहेपर्यंत दोघं तशीच बसून होती. त्यानं तिला पहाटेच्या फेऱ्यांबद्दल विचारलं नाही. ते त्यानं चोरून ऐकल्यासारखं झालं होतं, आणि तशी चोरी कबूल करायचं धैर्य त्याला त्या दिवशी झालं नाही.

त्यानं अहवाल पाठवला. पाणी खात्यानं दीड महिन्यानं व्हॉल्व्ह बदलले आणि ठोके थांबले. वर्षाच्या तक्त्यात वाजलेल्या भोंग्यांचा रकाना होता, त्यात शून्य. न वाजवलेल्याचा रकाना नव्हता. वस्तीत कुणाला काही कळलं नाही. ज्या दिवशी गाद्या उन्हात टाकल्या त्या दिवशी काय घडलं असतं, हे सांगायला तो कुणाकडे जाणार होता? भोंगेवाला हे नावही राहिलं. मामांनी एवढंच केलं, की पाकीट परत देताना ते न उघडता दोन्ही हातांनी दिलं.

यंत्र त्यानं त्या संध्याकाळी सोडवलं नव्हतं. ताई म्हणाली होती, राहू दे, माझं काय खातंय ते. म्हणून व्हॉल्व्ह बदलल्यावर तो बॅटरी बदलायला पुन्हा खाली गेला. गल्लीतल्या नजरा डोंगराकडे गेल्या आणि परत आल्या. ताईनं या वेळी पुढचं दार उघडं ठेवलं होतं, पण ती स्वयंपाकघरातच राहिली. त्यानं एकट्यानं परसात जाऊन काम उरकलं, हात धुतले.

आतून तिनं विचारलं, "किती दिवस चालते ती?"

"तीन महिने."

भांड्याचा आवाज थांबला. "मधे एकदा बघून जायला लागत असेल."

लागत नव्हतं. त्याला आयुष्यात आकडा फुगवून सांगायची सवय नव्हती.

"जातो बघून," तो म्हणाला, आणि चपला घालून चढाला लागला. वर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सकाळचा भात झाकून ठेवलेला होता. तो त्यानं गरम केला आणि तेरा रेघांसमोर बसून खाल्ला.